नजर पुढच्या ठिपक्यावर: स्क्रीन नसलेल्या पेन टॅबलेटवर चित्र काढायला शिकताना

"मॅडम, माझा हातच बिघडला वाटते. कागदावर येते तशी रेष इथे येऊनच नाही राहिली."

नागपुरात मी चित्रकलेचे वर्ग घेते. पेन टॅबलेट म्हणजे टेबलावर ठेवायची सपाट पाटी, पेन तिच्यावर चालतो आणि रेष समोरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उमटते. नवा टॅबलेट घेऊन येणारं जवळपास प्रत्येक पोरगं पहिल्या आठवड्यात हे म्हणतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला 'ए' श्रेणी मिळवलेली, वस्तुचित्रात तांब्या-पेला डोळे मिटून काढणारी ही मुलं. टॅबलेटवर मात्र साधं वर्तुळ काढताना त्यांची रेष थरथरते, वर्तुळाचं अंडं होतं आणि टोकं जुळत नाहीत. मग टॅबलेट खोक्यात जातो आणि खोकं कपाटावर.

त्या मुलांचा हात उत्तम असतो. बिघाड दोनच ठिकाणी असतो, मांडणीत आणि नजरेत. मांडणी अर्ध्या तासात सुधारते. नजरेला दोन-तीन आठवडे लागतात. हा लेख त्या दोन-तीन आठवड्यांसाठी आहे.

घेताना काय बघायचं

यावर फार डोकं शिणवू नका. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन यांपैकी कोणाचाही सुरुवातीचा टॅबलेट शिकायला पुरतो. खोक्यावर दाबाच्या पातळ्या लिहिलेल्या असतात, म्हणजे पेनावरचा जोर टॅबलेट किती टप्प्यांत ओळखतो ते, २०४८, ४०९६, ८१९२. नवशिक्या हाताला त्यातला फरक कळत नाही, त्यामुळे त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

महत्त्वाचं आहे ते माप. 'वन बाय वॅकॉम'च्या लहान टॅबलेटवर पेन चालतो ती जागा १५२ बाय ९५ मिलिमीटर आहे, मध्यम आकारात २१६ बाय १३५. तुमच्या १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण ३४५ मिलिमीटर रुंद असते. म्हणजे लहान टॅबलेटवर हात एक सेंटीमीटर सरकला की स्क्रीनवर रेष सव्वादोन सेंटीमीटर धावते. हाताची थरथरसुद्धा सव्वादोन पटीने मोठी होऊन दिसते. मध्यम टॅबलेटवर हीच पट दीडच्या थोडी वर राहते. कागदावर न दिसणारा कंप इथे दिसतो, याचं मोठं कारण हे गणित आहे. टेबलावर जागा आणि खिशात पैसे असतील तर मध्यम घ्या. नसतील तर लहान घ्या, त्यावर काम करणारे पुष्कळ चित्रकार आहेत. मात्र लहान टॅबलेट २४ इंची मॉनिटरला जोडला तर ती पट साडेतीनवर जाते. नवशिक्यासाठी ते जरा जड आहे.

घरात कॉम्प्युटर नसेल तर बरेचसे टॅबलेट ओटीजीने (फोनला यूएसबीची वस्तू जोडायच्या सोयीने) अँड्रॉइड फोनलाही जोडता येतात. घेण्याआधी तेवढं विचारून घ्या. फोन उभा धरला तर टॅबलेटची एक अरुंद पट्टीच चालते, म्हणून ज्या अ‍ॅपमध्ये आडवं काम करता येतं ते निवडा.

टेबलावर मांडणी

मुलं टॅबलेट वहीसारखा तिरका ठेवतात. वर्षानुवर्षांची सवय असते ती, वही तिरकी, मान तिरकी. कागदावर चालतं, कारण रेष कागदावरच उमटते. इथे टॅबलेट दहा अंशांनी तिरका असला की तुम्ही सरळ आडवी ओढलेली रेष स्क्रीनवर दहा अंशांनी चढते किंवा उतरते. मेंदू ती चूक हाताच्या नावावर टाकतो.

तेव्हा आधी हे करा. तुमचं नाक, टॅबलेटचा मध्य आणि स्क्रीनचा मध्य एका ओळीत आणा. टॅबलेटची वरची कड स्क्रीनच्या खालच्या कडेला समांतर ठेवा. कीबोर्ड डाव्या हाताशी सरकवा (डावखुरे असाल तर उजव्या, आणि ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, डावखुऱ्यांची सोय असते ती चालू करा). कोपराला टेबलाचा आधार हवा. पलंगावर मांडीत घेऊन शिकायला बसू नका. महिनाभराने बसा, तोवर नाही.

आणि आपल्या नागपूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये तळहाताची कड टॅबलेटला चिकटते आणि रेष मध्येच अडखळते. कूलर लावला की हवा दमट होते, चिकटणं आणखी वाढतं. चित्रकारांचे दोन बोटांचे हातमोजे विकत मिळतात, पण जुना सुती पायमोजाही चालतो. त्याचा पावलाचा भाग कापून टाका, उरलेली नळी हातावर चढवा आणि अंगठ्यासाठी बाजूला एक भोक पाडा. करंगळीची कड झाकली गेली म्हणजे झालं.

ड्रायव्हर आणि बांगडीची परीक्षा

टॅबलेट जोडल्याबरोबर स्क्रीनवरचा माउसचा बाण हलतो, म्हणून पुष्कळजण ड्रायव्हर टाकतच नाहीत. मग दाब मिळत नाही, सगळ्या रेषा एकाच जाडीच्या येतात. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवा. आधी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर काढून टाका, कारण दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. नवा टाकल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

आता ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी पाहा. पेन 'पेन मोड'मध्ये आहे ना, माउस मोडमध्ये नको. टॅबलेट एकाच स्क्रीनला जोडलेला आहे ना. आणि टॅबलेट व स्क्रीनचं प्रमाण सारखं राखण्याची खूण केलेली आहे ना, तिला कुठे 'फोर्स प्रपोर्शन्स' म्हणतात, कुठे 'रेशो'.

ही तिसरी खूण सगळ्यात जास्त राहून जाते. पुष्कळ टॅबलेटचं प्रमाण १६:१० असतं आणि लॅपटॉपच्या स्क्रीनचं १६:९. खूण केली नाही तर हाताने अचूक काढलेलं वर्तुळ स्क्रीनवर आडवं ताणलं जातं, उंचीपेक्षा रुंदी सुमारे नवव्या हिश्श्याने जास्त. खूण केली की लहान टॅबलेटची नऊ-साडेनऊ मिलिमीटरची पट्टी निकामी होते. होऊ द्या.

माझ्या बाबतीत याहून मोठा घोळ झाला होता. मी टॅबलेट घेतला तेव्हा लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडलेला होता आणि टॅबलेट दोन्ही स्क्रीनवर मिळून पसरला होता. वर्तुळाची रुंदी उंचीच्या दुप्पट यायची. वीस वर्षं कागदावर काम केलेला माझा हात, आणि दोन आठवडे मला वाटत राहिलं की माझं वय झालं, हे आता आपल्याला जमणार नाही. त्या पंधरा दिवसांची हळहळ मला अजून आहे. म्हणून वर्गात येणाऱ्या प्रत्येकाची मी पहिल्या दिवशी बांगडीची परीक्षा घेते.

काचेची बांगडी घ्या. २.४ मापाची असेल तर आतला व्यास साधारण ५७ मिलिमीटर भरतो, म्हणजे लहान टॅबलेटवरही ती मावते. बांगडी टॅबलेटवर दाबून धरा आणि पेनचं टोक तिच्या आतल्या कडेने फिरवा. स्क्रीनवर उमटलेल्या आकृतीला पट्टी लावून आडवं आणि उभं मोजा. दोन्ही सारखं भरलं तर तुमची मांडणी ठीक आहे. नसेल तर सेटिंगमध्ये परत जा, आणि तोवर एकही चित्र काढू नका. स्टीलची वाटी किंवा धातूचं कडं मात्र वापरू नका. टॅबलेट पेनची जागा चुंबकीय क्षेत्रावरून ओळखतो, धातू मध्ये आला की तो गोंधळतो.

बहुतेक टॅबलेटच्या पेनला बॅटरी नसते, तेही याच कारणाने. टॅबलेटच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते. ती क्षेत्र तयार करते, पेनमधली छोटी गुंडाळी त्याला प्रतिसाद देते आणि टॅबलेटला पेन कुठे आहे ते कळतं. त्यासाठी पेन टेकावा लागत नाही. सुमारे एक सेंटीमीटर वर असतानाच स्क्रीनवर बाण हलायला लागतो. ही एक सेंटीमीटरची हवा नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं शिकणं तिच्यात आहे.

नजर

आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात. एकदा मी त्यांना टॅबलेट दाखवायला बसवलं. त्यांचा कॉम्प्युटरशी संबंध फक्त वीजबिल भरण्यापुरता. त्यांनी पेन धरला, स्क्रीनकडे पाहिलं आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला ठिपके जोडायला लागल्या. मी विचारलं, हाताकडे न बघता कसं जमलं? म्हणाल्या, "अवो, बोटांकडे पाहून रांगोळी होते का कधी? जिथं जायचं तिथं पाहा लागते."

टॅबलेट शिकण्याचं मर्म मला त्या दिवशी मिळालं. आपण हाताच्या टोकाकडे, म्हणजे पेनाखालून निघणाऱ्या रेषेकडे बघतो. टॅबलेटवर ती रेष हाताखाली नसतेच, म्हणून डोळे खाली-वर करत राहतात आणि प्रत्येक वेळी हात थांबतो. रेष तिथेच तुटते.

तर पहिल्या आठवड्यात चित्र नाही, ठिपके. सॉफ्टवेअर म्हणून क्रिटा घ्या. ते मोफत आहे, त्याचा कोड सर्वांना खुला आहे, आणि माझे निम्मे विद्यार्थी पुढेही त्यावरच काम करतात. ए-फोर आकाराचं पान उघडा, १५० डीपीआय (दर इंचाला १५० पिक्सेल) पुरे, म्हणजे १२४० बाय १७५४ पिक्सेल. जुन्या लॅपटॉपला ते पेलतं. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर. एका लेयरवर पाच ते पाच ठिपके काढा आणि तो लेयर कुलूपबंद करा. वर नवा लेयर घ्या, रेषा त्यावर. पान भरलं की वरचा लेयर पुसायचा, ठिपके पुन्हा तयारच.

एक रेष अशी काढायची. पेन हवेतच पहिल्या ठिपक्यावर आणा, बाण ठिपक्यावर आला की थांबा. टेकवू नका अजून. नजर उचला आणि दुसऱ्या ठिपक्यावर ठेवा. हवेतच एक-दोनदा तिकडे जाऊन या. मग टेकवा आणि एका दमात ओढा. नजर दुसऱ्या ठिपक्यावरून हलता कामा नये. रेष चुकून बाजूने गेली तरी ती जाऊ द्या, पुढची घ्या.

हळू ओढलेली रेष जास्त थरथरते, म्हणून वेग थोडा वाढवा. जवळचे ठिपके मनगटाने जोडा, लांबचे कोपरापासून हात हलवून. अवघड वाटणाऱ्या दिशेला कॅनव्हास फिरवा, क्रिटात आकडा ४ आणि ६ दाबून तो फिरतो, ५ दाबला की पुन्हा सरळ. टॅबलेट मात्र फिरवू नका.

रोज वीस मिनिटं. पहिले तीन दिवस हात परका वाटतो. चौथ्या-पाचव्या दिवशी कधीतरी अचानक लक्षात येतं की मघापासून आपण हाताकडे पाहिलंच नाही.

अनडूबद्दल, म्हणजे काढलेली रेष मागे घेण्याबद्दल, माझं मत ठाम आहे. पहिला आठवडा 'कंट्रोल झेड' दाबायचंच नाही. प्रत्येक रेष पुसून पुन्हा काढणारी मुलं वीस मिनिटांत दहा रेषा काढतात, न पुसणारी दोनशे. स्टॅबिलायझरचंही तेच. क्रिटात ब्रशच्या पर्यायांमध्ये रेष गुळगुळीत करण्याची सोय आहे. 'बेसिक'वर राहू द्या. 'स्टॅबिलायझर' पर्याय ताणून वाढवला तर रेष सुंदर येते, पण पेनाच्या मागे रेंगाळत येते आणि नजरेची शिकवण होत नाही. पक्क्या शाईच्या रेषा काढायची वेळ आली की जरूर वापरा.

बाराखडी

दुसऱ्या आठवड्यात लिहा. खरंच लिहा, देवनागरीत. आपल्या लिपीइतका चांगला सराव मला दुसरीकडे सापडला नाही. शिरोरेघ म्हणजे लांब आडवी रेष. 'श', 'ळ', 'क्ष' यांत वळणं आणि गाठी. 'ट' आणि 'ठ' यांतला फरक हा अर्ध्या आणि पूर्ण गोलाचा फरक. शिवाय अक्षर चुकलं की ते कोणी सांगावं लागत नाही, डोळ्याला लहानपणापासून माहीत आहे ते कसं दिसायला हवं.

आधी मोठी अक्षरं, पानावर चारच. मग दाब आणा. कित्त्यात बोरूची जाडी बदलते तशी 'क'ची रेष बारीक सुरू करून जाड करायची, पुन्हा बारीक. रेष जाड करायला फार जोर लागत असेल तर बोटं दुखतील आणि पेनाचं टोक, म्हणजे निबही लवकर झिजेल. क्रिटाच्या टॅबलेट सेटिंगमध्ये दाबाची वक्ररेषा असते. तिचा मधला भाग थोडा वर ओढला की हलक्या हाताने पूर्ण जाडी मिळते. पेनाने लिहिताना जेवढा जोर लागतो त्याहून जास्त लागत कामा नये.

पहिलं चित्र: संत्रं

आपल्या गावात दुसरं काय निवडणार? पण माझं कारण वेगळं आहे. संत्रं म्हणजे गोल, आणि गोलावर प्रकाश-छाया शिकता येते. शिवाय नागपुरी संत्रं वर-खाली किंचित दबलेलं असतं, साल सैल असते, म्हणून वर्तुळ थोडं वाकडं आलं तरी फळ खोटं दिसत नाही. आंबिया बहाराचं फळ नोव्हेंबरपासून येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. मध्ये मिळालं नाही तर मोसंबी चालेल. फोटोवरून काढू नका. खरं फळ लॅपटॉपच्या शेजारी ठेवा, खिडकी एकाच बाजूला हवी.

पहिल्या लेयरवर फिकट निळसर रेषेने आकार. हात न थांबवता चार-पाच वेळा गोल फिरा, रेषांच्या गर्दीतून योग्य कड दिसायला लागते. देठाची खळगी मध्यावर नसते, फळ तुमच्याकडे किती झुकलंय त्यावर ती सरकते. तेवढं बघून मगच खूण करा.

दुसरा लेयर त्याखाली. त्यावर एकच सपाट नारिंगी रंग, कडा स्वच्छ. इथे घाई करू नका, ही कड पुढे सगळं तोलते.

मग तोच लेयर निवडून 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'जी' एकत्र दाबा. वर एक नवा लेयर येतो आणि त्यावर काहीही रंगवलं तरी ते संत्र्याच्या कडेबाहेर जात नाही. या लेयरवर छाया. काळा रंग घेऊ नका, संत्रं सडल्यासारखं दिसतं. तांबूस तपकिरी घ्या, ब्रश मोठा, दाब हलका. आता खऱ्या फळाकडे बघा. सगळ्यात गडद पट्टा अगदी कडेला नसतो, कडेच्या थोडा आत असतो. कडेला टेबलावरून परतलेला उजेड असतो, पांढरी चादर असेल तर फिका, लाकूड असेल तर उबदार. पहिल्यांदा हे दिसलं की मुलं संत्रं हातात घेऊन खिडकीशी वळवून बघतात. मला तो क्षण फार आवडतो.

उजेडाचा ठिपका सगळ्यात शेवटी, वेगळ्या लेयरवर. सालीवर बारीक खड्डे असतात, म्हणून तो ठिपका काचेच्या गोटीसारखा धारदार नसतो, फुटलेला असतो. पाच-सहा छोटे कण टाका आणि थांबा. सगळ्या फळावर खड्डे काढायचा मोह होतो. जिथे उजेड छायेला भेटतो तिथेच ते दिसतात, तेवढ्याच पट्ट्यात काढा.

अधूनमधून 'एम' दाबा. चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं आणि कलंडलेला आकार लगेच उघडा पडतो.

संत्र्यानंतर तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्यानंतरच्या मुलांच्या सणातला, चाकांवरचा लाकडी बैल घ्या. पुष्कळ घरांत माळ्यावर असतोच. अंग म्हणजे आडवं नळकांडं, मान कापलेला शंकू, चाकं म्हणजे तिरप्या चकत्या. चारही चाकं वेगवेगळ्या कोनात दिसतात, आठवडा त्यातच जातो. त्यापुढे नागपूरच्या झिरो माईल खांबाशेजारचे चार घोड्यांचे पुतळे. खांबाजवळ उभं राहून कागदावर कच्चं रेखाटन करा आणि घरी येऊन त्याचा फोटो खालच्या लेयरवर ठेवून पक्कं करा. कागद सोडायचा नाही, तो टॅबलेटला खूप काही शिकवतो.

अडलं तर

पेन टेकवल्यावर एक गोल रिंगण उमटतं आणि रेष उशिरा सुरू होते: विंडोजमध्ये दाबून धरल्यावर राइट क्लिक होण्याची सोय चालू असते, ती बंद करा. दाब अचानक गेला: टॅबलेटच्या ड्रायव्हरमधली 'विंडोज इंक'ची खूण आणि क्रिटाच्या टॅबलेट सेटिंगमधली निवड एकमेकींशी जुळतात का बघा, बदलल्यावर क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. ब्रशने काहीच उमटत नाही: 'ई' दाबला गेला असेल, त्याने ब्रशचं खोडरबर होतं, पुन्हा 'ई' दाबा. तेही नसेल तर तुम्ही ठिपक्यांच्या कुलूपबंद लेयरवर आहात. रेष विनाकारण थरथरते: टॅबलेटजवळचा मोबाइल आणि स्पीकर दूर करा, तरीही थांबली नाही तर चार्जर काढून पाहा.

वीज गेली आणि डेस्कटॉप बंद पडला तर दोन तासांचं काम जातं. क्रिटाचं आपोआप सेव्ह होण्याचं अंतर कमी करून ठेवा आणि 'कंट्रोल एस'ची सवय लावा. फाइल क्रिटाच्या स्वतःच्या केआरए प्रकारातच जपा, तिच्यात लेयर शाबूत राहतात. कोणाला पाठवायची असेल तेव्हाच जेपीजी किंवा पीएनजी करा.

निब झिजते. टोकाला एका बाजूने सपाट धार आली, टॅबलेटवर चरे पडायला लागले की बदला. खोक्यात सहसा दोन-चार जादा निब आणि त्या ओढून काढायची छोटी रिंग असते, ती टाकून देऊ नका. पेन कधीही टोक खाली करून पेल्यात उभा ठेवू नका. टोकावर सतत भार पडला की दाब ओळखणारा भाग बिघडतो, मग पेन हवेत असतानाही रेषा ओढतो. आडवा ठेवा, नाहीतर टोक वर करून.

आणि पहिल्या दिवशी बांगडीशिवाय एक वर्तुळ काढा, ते पुसू नका. फाइलच्या नावात तारीख घालून ठेवून द्या. तिसावा दिवस आला की त्याच पानावर, त्याच्या शेजारी एक नवं काढा.